आमश्याबाबांच्या चुलीत मी नापास झाले!

मी वाहरूची बाटली बोलतेय. हो, लाल वाईनची! पण कुणा श्रीमंताच्या कपाटात नाही, ब्राह्मणपुरीच्या आमश्याबाबांच्या घरी, कणगीतल्या ज्वारीत आडवी पडून मी आठ वर्षं काढली.

माझा जन्म नाशिककडचा. तिथल्या एका द्राक्षमळ्यात बाबांचा मुलगा वाहरू छाटणीच्या कामाला होता. आपण छाटलेल्या वेलींची पहिली वाईन म्हणून तो मला कौतुकाने घरी घेऊन आला. पण बाबा रुसलेले. दुसऱ्याच्या मळ्यात राबून काय मोठं केलंस, असं त्यांचं म्हणणं. हिला पिकू दे, एवढंच आईला सांगून वाहरूने मला कणगीत खुपसलं.

यंदाच्या होळीला एकदाचा मुहूर्त लागला. माझं बूच अर्ध्यात तुटलं, ते वाहरूने पक्कडीने उपसलं. माझा जीव खालीवर! इथले आठ उन्हाळे सोसलेली मी, आंबले तर नसेन?

बाबांची परीक्षा वेगळीच निघाली. मोहाची दारू आली की ते आधी थोडी चुलीत टाकतात. भडका उडाला तर दारू खरी. मग पहिले थेंब जमिनीवर, पूर्वजांसाठी. माणसांची पाळी त्यानंतर. त्यांनी मलाही चुलीत शिंपडलं. चुर्र झालं आणि विस्तव विझला.

"हाई ते पानी शे! तुले ठगी दिधं रे, वाहरू!" बाबांनी पेला बाजूला सारला.

वाहरूचं तोंड एवढंसं झालं. मला तर रडूच कोसळलं. अहो, मी मोहाची नाही, द्राक्षाची! मी पेटत नसते!

वाहरूची आई मंगळीबाई मात्र शहाणी. तिने पेला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले.

"जांभूयनी चव शे," ती मुलाकडे बघत म्हणाली. "मन्हा आंडोरना हातनी शे. चाखी तं देखा."

बाबांनी नाखुशीनेच ओठ लावले. मग आणखी एक घोट घेतला.

"छाटनी तूच करी का?"

"हा, बा."

बाबा वाकले. पेल्यातले चार थेंब त्यांनी अगदी सावकाश जमिनीवर सोडले. वाहरूने पटकन पाठ फिरवली आणि बाहीने डोळे पुसले.

आता मी रिकामी आहे. मंगळीबाईने माझ्यात राखेत घोळलेलं काकडीचं बी भरून ठेवलंय. माझ्या बहिणी तुमच्या घरी आल्या तर एवढं करा, आधी चाखा, मग बोला. मी मजेत आहे. कुणी आलं की बाबा मला हातात घेऊन दाखवतात आणि ऐटीत सांगतात, "पेटत नही. पन खरी शे!"