पद्मावती छाप

आमच्या घरात चुकलेला कागद केरात जात नसे. आम्ही जैन, सांगलीच्या पेठेत आमचं हळदीचं दुकान. पुडीवर पद्मावतीमातेचं चित्र, म्हणून हळदीचं नावच 'पद्मावती छाप'. लेबलं लालासाहेबांच्या छापखान्यात व्हायची. आधी पिवळा रंग, तो वाळला की लाल, शेवटी काळा. मधेच कागद जरासा हलला की मातेचे लाल ओठ हनुवटीवर उतरायचे, डोळ्यातलं काजळ कानाशी जायचं. असलं लेबल पुडीला लावायचं नाही, फाडायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, असं मामंजींनी घालून दिलं होतं. मी ती लेबलं एका पितळी घंगाळात साठवत असे आणि दर अमावस्येला सकाळी दर्शन झालं की कृष्णेत सोडून येत असे. कागद मऊ असतो, पाण्यातल्या जीवाला त्याचा उपद्रव होत नाही, अशी सासूबाईंनी माझी समजूत घातली होती.

चौऱ्याहत्तरच्या पौषात त्या घंगाळातली लेबलं कमी व्हायला लागली. चोर घरातलाच होता. माझी नणंद चंदनबाला. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दहा वर्षांची होती, तिच्या वेण्या मीच घातल्या. आता ती चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. मी विचारलं तर लपवालपवी न करता म्हणाली, हो, मीच घेते. चांगली लेबलं देऊ का म्हटलं, तर हसली. बरोबर छापलेलं सगळ्यांनाच मिळतं, मला रंग सरकलेलीच पाहिजेत, म्हणाली.

दुपारी मी पुड्या चिकटवायला बसले की ती शेजारी बसून सांगायची. त्यांच्या सरांनी कुठलंसं परदेशी मासिक वर्गात आणलं होतं. लढाई संपल्यावर विलायतेत धान्यसुद्धा मापून मिळत होतं, आणि अमेरिकेच्या मासिकांत मात्र नव्या मोटारी, भरलेली कपाटं, हसणाऱ्या बायका. विलायतेतल्या काही तरुण चित्रकारांनी त्या जाहिराती कापल्या आणि एकमेकींशेजारी चिकटवल्या. तेच चित्र. पुढे अमेरिकेतल्या लोकांनी ते उचललं. कुणी सूपाचे डबे रंगवले, एकासारखा एक, रांगेनं, दुकानाच्या फळीवर असतात तसे. कुणी मुलांच्या चित्रकथेतलं एकच चित्र भिंतीएवढं केलं, त्यातले छपाईचे ठिपकेसुद्धा हातानं काढले. त्याआधीचे मोठे चित्रकार म्हणे आपल्या मनातली खळबळ कापडावर ओतायचे. ह्यांनी मन बाजूला ठेवलं. सपाट रंग, भडक रंग, तेच ते पुन्हा पुन्हा. रोज बघून बघून जे दिसेनासं झालंय ते दाखवायचं.

मला सगळंच कळलं असं नाही. पण तिनं आमच्या लेबलावर भिंग धरलं आणि मातेच्या गालावरचे लाल ठिपके दाखवले, तेव्हा मी चकित झाले. बारा वर्षं ते लेबल चिकटवत होते. गाल ठिपक्यांचा आहे हे मला माहीत नव्हतं.

ह्या चित्रांना पॉप आर्ट म्हणतात, पॉप म्हणजे चारचौघांचं, असं तिनं सांगितलं. सासूबाईंना कमी ऐकू येई. त्या ओसरीवरून म्हणाल्या, "पाप तर पाप. पर ते शिकायला मुंबईला कशाला जायाला पाहिजे? हितं काय कमी हाय?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या हातातली खळ सांडली. तेव्हापासून घरात त्या चित्राला पापाचं चित्रच म्हणत.

मुंबईचा विषय खरा होता. फेब्रुवारीत तिथं मोठं प्रदर्शन भरणार होतं. सर सोमवारच्या गाडीनं सांगलीतल्या मुलांची चित्रं घेऊन जाणार होते. आमच्या ह्यांनी, म्हणजे जिनदत्तांनी, बहिणीला शब्द दिला होता. चित्र लागलं तर पुढं शिकायला मुंबई, नाही लागलं तर साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत चित्रकलेच्या बाईंची जागा आहे, ती धरायची. चंदनला सातारा नको होता. पेरू आणि तांब्या काढायला शिकवण्यात आयुष्य जाईल, म्हणायची.

चित्र तिनं माडीवर मांजरपाटाच्या कापडावर केलं. पुरं होईपर्यंत कुणी बघायचं नाही, ही तिची अट. शनिवारी ती मैत्रिणीकडे गेली होती. अमावस्या दुसऱ्या दिवशी, म्हणून मी तिनं नेलेल्यांतली उरलीसुरली लेबलं गोळा करायला वर गेले. चित्र भिंतीवर खिळ्यांना टांगलेलं होतं. मी त्यावरचं धोतर बाजूला केलं.

सोळा पुड्या होत्या. चार ओळी, ओळीत चार. पहिल्या ओळीत आमचीच लेबलं चिकटवलेली, मातेचे ओठ घसरलेले. दुसऱ्या ओळीत रंगानं मुकुट झाकून तिथं पदर आला होता. तिसऱ्या ओळीत चेहरा बदलला होता. चौथ्या ओळीत मी होते. एका पुडीवर तोंड हिरवं, एकीवर निळं, एकीवर शेंदरी, शेवटच्या पुडीवर हळदीचं. कपाळावर माझंच कुंकू, कानात माझीच कुडी. आणि माझं हसू. मंदिरात बायका मला म्हणतात ना, त्रिशलावैनी कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत, तेव्हा मी जशी हसते तसं. चारी पुड्यांवर केसाचा फरक नाही. खाली छापलं होतं, निव्वळ वजन पन्नास ग्रॅम.

मी धोतर पुन्हा टाकलं आणि खाली आले. स्वयंपाक केला. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना वाढलं. रात्रभर ते हसू माझ्या तोंडावर आहे असं वाटत राहिलं. पुसायला जावं तर निघेना.

रविवारी पहाटे माडीवर चंदन गाढ झोपली होती. मी कापड गुंडाळलं, घंगाळातल्या लेबलांत ठेवलं, वर फुलं टाकली. दर्शन घेतलं. घाटावर बायका कपडे धूत होत्या, त्यांच्यापासून लांब गेले. लेबलं नेहमीसारखी तरंगत गेली. कापड मात्र बुडेना. फुगलं, उलटलं, माझं निळं तोंड वर आलं. मी दोन दगड उचलले आणि आत गुंडाळले. खळीत कालवलेले रंग लगेच सुटले. पाण्यात हिरवा ओघळ, लाल ओघळ, आणि त्यात बोटाएवढे मासे सैरावैरा. मी, जी पाणी दोनदा गाळून घेते. उभी राहून ते बघितलं आणि घरी आले.

चंदन चित्र शोधत खाली आली तेव्हा घरातले सगळे चहाला बसले होते. मी हळू आवाजातच सांगितलं. माझा आवाज चढत नाही. मी म्हणाले, त्याच्यावर माता होती, निळा-हिरवा रंग फासलेलं तोंड मला बघवलं नाही, अमावस्या होती, कृष्णेत सोडलं.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुढं आली आणि माझ्या पाया पडली. म्हणाली, "चुकलं माझं, वैनी. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

ह्यांनी मान डोलावली. म्हणाले की ज्या मातेच्या नावावर आपण जेवतो तिची चेष्टा नको होती, तुझ्या वैनीनं घराला पापातून वाचवलं. सासूबाईंनी गल्लीत सांगितलं. मंदिरात दोन बायकांनी माझे हात हातात घेतले. सोमवारची गाडी चंदनच्या चित्राशिवाय गेली.

माझ्या सत्याच्या नेमाला कुठं धक्का लागला, ते मी रोज सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसल्यावर शोधत असे. चित्रावर माता होती, हे खरं. बघवलं नाही, हेही खरं. दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी चिकटवली आणि त्यांतून खोटं उभं राहिलं. मी एकाशन धरलं, दिवसातून एकदाच जेवायचं. आधी तूप सोडलं, मग गूळ, मग हळद सोडली. माझ्यापुरतं पांढरं वरण काढून ठेवायला लागले. हळदीच्या व्यापाऱ्याच्या बायकोनं हळद सोडली, हे ऐकून बायका आणखीच मान द्यायला लागल्या. जे जे प्रायश्चित्त करावं ते माझ्या पुण्याच्या खात्यात जमा व्हायचं. मी कुणाला काय सांगणार होते?

जूनमध्ये चंदन साताऱ्याच्या शाळेत लागली. पत्रं यायची, त्यांत मुलींची नावं, भाताचे भाव, खोलीच्या मालकीणबाईंचे किस्से. चित्रांचं काही नसे. मी एकदा लिहून विचारलं, काय काढतेस? उत्तर आलं, जास्वंद.

भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं आणि क्षमावाणीला ती एसटीनं घरी आली. त्या दिवशी आमच्यात लहानथोर सगळे एकमेकांपुढे हात जोडतात. जाणता, अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं म्हणायचं. समोरच्यानं 'उत्तम क्षमा' म्हणायचं. वर्षाचा राग तिथं संपला. सासूबाई, हे, शेजारी, सगळ्यांचं झालं. मी सैपाकघरात चंदनपुढे हात जोडले. तोंडात तेच शब्द तयार होते, किती सोयीचे. जाणताही त्यात आलं, अजाणताही आलं, कुणी विचारत नाही कुठलं कुठं लागू.

तिनं माझे जोडलेले हात धरले. "तुमी माझ्याकडं कशाची क्षमा मागताय? तुमच्याकडनं जाणून मुंगीबी मरत न्हाई. मीच आंधळी हुते. आता मी तसली चित्रं काढायची सोडली, वैनी. रंगात कुणाचा तरी अपमान हुतोय असंच वाटतं. जास्वंदीचा न्हाई हुत."

ती हे अगदी गोडीनं म्हणाली. मी बघितलं तर तिच्या तोंडावर माझं हसू होतं. तेच, केसाचा फरक नाही.

मी म्हणाले, "जाणून केलं."

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. "मातेसाठी न्हाई बुडवलं ते. वरच्या ओळीत माता होती, तिच्याकडं माझं लक्षबी न्हवतं. खालच्या ओळीसाठी बुडवलं. माझ्या तोंडासाठी. तू झोपली हुतीस, ते बघून गेले. कापड तरंगाय लागलं तवा दगड घातले."

चुलीवर दूध होतं. ते वर यायला लागलं तसं तिनं उतरवून ठेवलं, फडक्यानं हात पुसले, फडकं घडी करून ठेवलं. एवढं सगळं झाल्यावर म्हणाली, "मी तुमाला देवी केलं हुतं. त्यात तुमाला वाईट काय दिसलं?"

हे सांगायला मला फार वेळ लागला. बाहेर हे कुणाशी तरी बोलत होते. मी म्हणाले की मला त्यात देवी दिसली नाही, पुडी दिसली. एकाच ठशानं काढलेलं हसू. बारा वर्षांत किती गोष्टींना मी तसं हसले, आत काय होतं ते कुणाला दाखवलं नाही, मला स्वतःलाही नाही. आणि ते तू रांगेनं मांडून ठेवलंस, खाली वजन लिहून. मुंबईत लोक ते बघणार होते.

चिडली असेल म्हणून मी मान वर केली. ती चिडलेलीच होती, डोळ्यांत पाणी होतं, पण त्यामागे दुसरं काहीतरी होतं. वर्गातली मुलगी उत्तर सापडल्यावर दिसते तशी दिसत होती.

"मला ते म्हायतच न्हवतं," ती म्हणाली. "मी आपलं चांगलं दिसतंय म्हणून काढलं. ठिपके ठिपके काढत गेले. ते तुमी म्हणता तसं झालं हुतं का, खरंच?"

"झालं हुतं."

"परीक्षकांना दिसलं असतं का कुणाला ठावं. तुमाला दिसलं." मग तिनं नाक ओढलं. "आणि तुमी बुडवलं. मी आठ महिने पाप पाप करत जास्वंद काढली, वैनी. आठ महिने. शाळेतल्या पोरींनासुद्धा सांगत हुते, भडक रंग लावू नका म्हणून."

मी हात जोडलेलेच ठेवले होते. ते तिनं बघितले.

"क्षमा आज न्हाई जमायची," ती म्हणाली.

घाई नाही, असं मी म्हणाले. ते हसून म्हणाले नाही, एवढं मला नक्की आठवतं.

मग ती उठून बाहेर गेली आणि ह्यांना तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, मी मुंबईला शिकायला जायाचा अर्ज करणार हाय, दादा, आणि वैनीनं चित्र का बुडवलं ते तिच्याकडनंच ऐका. हे सैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मामंजींच्या काळापासूनच्या त्या दारात पडदा नव्हता. मी पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.