चौतीसची कंबर

"टाचण्या, बघत काय बसलायस? बाही लाव ना," दादा कटिंगच्या टेबलामागून म्हणाला.

मी मशीनवर बसून हातातल्या दोन बाह्यांकडे बघत होतो. एक डाव्या हाताची होती. दुसरीही डाव्याच हाताची. कोट बँकेतल्या साहेबांचा, आणि साहेबांना दोन डावे हात आहेत असं निदान मला तरी कधी दिसलं नव्हतं.

कापड दुमडून कापलं की बाह्या आपोआप जोडीच्या निघतात, एक डावी, एक उजवी. न दुमडता एकामागोमाग कापल्या आणि मधे नमुन्याचा कागद उलटा करायचा राहिला, की हे असं होतं. नवशिके पहिल्या महिन्यात करतात. दादाने चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि गेल्या दोन महिन्यांतली ही तिसरी वेळ होती.

"दादा, साहेबांनी टाळी कशी वाजवायची रे?" मी दोन्ही बाह्या वर धरल्या.

एरवी त्याने मला कात्री दाखवली असती. ह्या वेळी तो जवळ आला, बाह्यांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "काय झालंय त्यांना?" त्याने विचारलं.

त्याला चूक दिसतच नव्हती.

मी दादाचा धाकटा भाऊ, चांगला बारा वर्षांनी धाकटा. दुकानात कापायचा तो, शिवायचो मी, आणि टवाळक्याही मीच करायचो. टाचण्या हे नाव त्यानेच ठेवलं, जिथे बसेन तिथे टोचतो म्हणून. माझ्या सगळ्या टवाळक्यांतली सगळ्यात मोठी पंधरा वर्षं चालली होती, आणि दादा सोडून ती सगळ्यांना माहीत होती.

दादाला आपल्या कंबरेचा भारी अभिमान. "चौतीस! लग्नात चौतीस, आजही चौतीस," असं तो गिऱ्हाइकाला माप घेताना ऐकवायचा. त्यात गिऱ्हाईक श्वास कोंडून, पोट आत ओढून उभं असेल तर दोनदा ऐकवायचा. स्वतःची पँट तो न मोजताच कापायचा, चौतीसची. शिवायला यायची माझ्याकडे. पन्नाशीला टेकला तसा तो पँटचं बटण लावताना लालेलाल व्हायला लागला. मी गुपचूप मागची शिवण उसवून थोडं कापड सोडलं. पुढच्या पँटला आणखी थोडं. शिवणीतलं कापड संपलं तेव्हा उरल्यासुरल्या तुकड्यांतून मागे कळी घालायला लागलो, म्हणजे एक तिकोनी जोड, शर्टाखाली झाकला जाणारा. दादा आरशासमोर उभा राहून पोटावर थाप मारायचा, "बघ, चौतीस!" आणि त्याच्या पाठीमागे मी, वहिनी आणि असेल ते गिऱ्हाईक तोंडात रुमाल कोंबून हसायचो.

बेचाळीसपर्यंत नेलं होतं मी त्याला.

त्या बाह्या मी वहिनीला दाखवल्या. तिने त्या हातात घेतल्या, घडी घातली, घडी पुन्हा उलगडली.

"भाऊजी, काल ह्यांनी मला विचारलं, आपला जिना कुठे गेला? आपल्याकडे जिना कधी होता हो?"

मला त्यावर एक विनोद सुचला होता. मी तो गिळला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. आधीच्या आठवड्यात तपासण्या झाल्या होत्या, त्याचे कागद त्यांनी टेबलावर मांडले. दादाला तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. त्याला एकच आठवला, पण तो त्याने असा ठणकावून सांगितला की बाकीचे दोन जणू बाईच विसरल्या असाव्यात.

"काका, पोट केव्हापासून सुटलंय?"

"पोट? कुणाचं?" दादा म्हणाला. "माझी कंबर चौतीस आहे."

बाईंनी त्याच्या पोटाकडे बघितलं. समोरच्या कागदावर एक ओळ लिहिली. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

मग बाई आमच्याशी बोलल्या. "पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी साठते ना, ती नुसती पडून राहत नाही. तिच्यासोबत साखर चढते, रक्तदाब चढतो, आणि वर्षानुवर्षं ते मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना त्रास देत राहतं. पन्नाशीच्या आसपास ज्यांचं पोट मोठं असतं, त्यांच्यात पुढे हा विसरण्याचा आजार जास्त दिसतो. काकांना त्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. पण तेव्हाच कुणाच्या लक्षात आलं असतं, तर साखर आणि दाब तरी वेळेवर सापडले असते."

कुणाच्या लक्षात! माझ्या तर दर पँटला लक्षात येत होतं. इंचात.

"आणि कंबरेचं आत्ता म्हणाले ना," बाईंनी आवाज उतरवला, "तसं होतं ह्या आजारात. माणूस जुन्या काळात राहतो. त्यांच्याशी वाद घालू नका."

मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पंधरा वर्षं निभावलंच होतं. पण दादा खुर्चीत ताठ बसून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, आपण काय चुकलो ते शोधत होता.

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "ते आजाराचं नाही. ते माझं आहे."

सगळं सांगितलं. उसवलेली शिवण, कळ्या, आरसा, रुमाल. दुकानात हेच सांगताना लोक पोट धरून हसायचे. इथे पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

दादाने अंगठा पाठीमागे पँटच्या आत सरकवला. दुसऱ्याचं शिवलेलं तपासावं तसा तो हळूहळू फिरवला, आणि एका जागी थांबवला.

"कळी घातलीस?"

"हो."

"आता किती?"

"बेचाळीस, दादा."

तो बाईंकडे वळला. "बघा बाई, मी विसरलो नव्हतो. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

बाईंनी मघाशी लिहिलेली ओळ खोडली.

बाहेर बाकावर वहिनी औषधांची चिठ्ठी वाचत बसली आणि डोळे पुसत राहिली. "मीच धूत होते ना त्या पँटी," एवढंच म्हणाली.

मी दादासमोर उभा राहिलो. "एक लगाव. दोन लगाव."

"पंधरा वर्षं शिवण कधी टोचली नाही रे," दादा म्हणाला. "हात चांगला आहे तुझा." आणि थोडं थांबून, "पण सांगायचं होतंस, गाढवा."

आता दुकानात कापतो मी. दादा समोर स्टुलावर बसून बघतो आणि चुकलं की खाकरतो. कधीकधी काही चुकलेलं नसतानाही खाकरतो. मी कात्री थांबवतो, सगळं पुन्हा मोजतो, "बरं झालं सांगितलंस" म्हणतो. तो मान हलवतो.

साखरेच्या आणि दाबाच्या गोळ्या सुरू आहेत. बाईंनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघं तलावापर्यंत जाऊन येतो. लहानपणापासून दादा पुढे आणि मी मागे, त्याच्या डुलत्या चालीची नक्कल करत. अजूनही तसंच जातो. नक्कल मात्र करत नाही.

परतताना चौक लागतो. एका रस्त्याने घर, बाकीच्यांनी नाही. दादा तिथे थांबतो. सगळ्या रस्त्यांकडे एकेकदा बघतो, आणि मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकतो. पोट आड येतं, धाप लागते, तरी वाकतो.

"तू हो पुढे, टाचण्या," तो खालूनच म्हणतो. "मी लेस बांधून आलोच."

त्याच्या बुटांना लेस नाही.

"ये सावकाश," मी म्हणतो, घराच्या रस्त्याला लागतो, आणि मागे त्याची पावलं ऐकू येईपर्यंत हळूहळू चालतो.