बाहेरची ओळख

शिवा गेला तेव्हा त्याच्यामागून स्मशानापर्यंत चालत गेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दोन चुलतभाऊ, शेजारची दोन घरं आणि रिक्षावाला गनी. ज्या गावात म्हशीचं रेडकू मेलं तरी निम्मी वाडी हळहळायला जमते, त्या गावात हे झालं. या माणसाने अर्धं आयुष्य तिठ्याच्या नाक्यावर बार चालवला होता. संध्याकाळी त्याच्याकडे खुर्ची मिळायची मारामार. मग ते सगळे त्या दिवशी होते कुठे? घरात. कोणाला ताप आला होता, कोणाला मालवणात काम निघालं होतं, कोणाची गाय व्यायली होती. एका दिवसात इतक्या गायी त्या गावात पूर्वी कधी व्यायल्या नव्हत्या.

मथुराने, शिवाच्या बायकोने, दाराशी बसून सगळं पाहिलं. नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण त्यावर हा राग चढून बसला. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माहेरच्या बायका म्हणाल्या, तिला धक्का बसलाय. धक्का कसला, ती संतापली होती.

तसं पाहिलं तर या सगळ्याचं मूळ शिवानेच रोवून ठेवलं होतं. त्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाची ओळख बारच्या आत, बाहेर नाही. आत ज्याच्या ताटात तो आग्रहाने तळलेला बांगडा वाढायचा, तोच माणूस सकाळी बाजारात समोर आला तर शिवा सरळ भेंडीचा भाव विचारायला वळायचा. माणूस बायकोबरोबर असेल, बापाबरोबर असेल, तर रस्ताच बदलायचा. हा नियम माहीत नसल्याने मथुराच्या हातून लग्नाच्या पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. आचऱ्याला एका लग्नात पतपेढीतला एक कारकून दिसला. आदल्या रात्रीच तो बारमध्ये जेवून गेला होता. हिने भाबडेपणाने विचारलं, काल घरी पोचायला उशीर नाही ना झाला? बायको शेजारीच उभी होती. तिला नवरा काल कणकवलीला मावशीकडे मुक्कामाला होता असं सांगण्यात आलं होतं. पुढे त्या घरात जे काय झालं ते झालं, पण शिवा दोन दिवस मथुराशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी नारळ खवता खवता आपणहून म्हणाला, "अगो, भायर ते कोणाचे घोव, कोणाचे बापूस. आत येतत ते नुसते दमलेले. दमलेल्या माणसाची वळख भायर कित्याक सांगूची?"

शिवा स्वतः थेंबाला शिवत नसे. दारू ओतायचा तो मात्र एखाद्या वैद्यासारखी, माणूस बघून. कोणाला किती झेपतं, कोणाचं आज घरी भांडण झालंय, कोण नुसता बसायला आलाय, हे त्याला दारातून आत येणाऱ्याच्या चालीवरून कळायचं. पुरे झालं असं तो कधी तोंडाने बोलायचा नाही. समोर सोलकढीची वाटी आणून ठेवायचा. ती आली की शहाण्याने उठायचं. कोणी मोटारसायकलवरून आला असेल तर त्याची चावी शिवा काढून घ्यायचा आणि गनीला हाक मारायचा. गनी दारूच्या वासालाही उभा राहायचा नाही, पण शिवाच्या शब्दाखातर त्याने अर्ध्या गावाला रिक्षात घालून घरी पोचवलं होतं. चाव्या शिवा घरात तांदळाच्या डब्यात टाकायचा. सकाळी मथुराने भातासाठी हात घातला की तांदळाबरोबर एखादी चावी वर यायची. मग मागच्या दारी कोणीतरी खाली मान घालून उभं असायचं.

तेवढीच त्या माणसांची आणि तिची ओळख. म्हणूनच मागच्या गावपळणीला तिने शिवाला टोचलं होतं. गावपळण म्हणजे देवाचा कौल झाला की अख्ख्या गावाने गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर तीन दिवस झोपड्या घालून राहायचं. गावात चूल पेटत नाही, देवळात दिवा लागत नाही. वेशीबाहेर मात्र नुसती धमाल. भजनं, फुगड्या, पत्ते, गप्पा. आणि त्या सगळ्या गर्दीत शिवा एका काजूखाली एकटा बसलेला, गावात नवा बदलून आलेला तलाठी बसावा तसा. मथुराला ते बघवेना. तुमचं या गावात एक तरी माणूस आहे का, असं ती चिडून म्हणाली होती. तो हसला आणि म्हणाला, "सगळे माझेच आसत." त्या हसण्याचा आता तिला फार त्रास होत होता.

कारण बाराव्यानंतर ते सगळे यायला लागले. एकेकटे, दिवेलागणीला, मागच्या दारी. विहिरीजवळच्या पायरीवर बसायचे आणि मोठमोठे बाप्ये लहान पोरासारखे रडायचे. तो कारकूनही येऊन गेला. मथुरा ऐकून घ्यायची. चहा मात्र कोणाला दिला नाही. जो माणूस पुढच्या दाराने येऊ शकत नाही त्याला कसला चहा?

एका संध्याकाळी मंगेश घाडी आला. हा गावचा मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम पिढ्यान् पिढ्या त्याच्या घरात. हाही बारमध्ये यायचा हे मथुराला ठाऊक नव्हतं. पायरीवर बसून तो सांगू लागला. त्याचा मुलगा फोंडाघाटात गाडीखाली गेला होता, तेव्हाची गोष्ट. घरी बायकोसमोर रडलो तर ती कोसळेल म्हणून मंगेश घरात दगडासारखा वावरायचा आणि संध्याकाळ झाली की शिवाकडे येऊन बसायचा. शिवा आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचा आणि समोर बसून राहायचा. एका शब्दाने सांत्वन केलं नाही. असे कित्येक दिवस गेले. मग एकदा पहिला ग्लास अर्धा असतानाच त्याने सोलकढीची वाटी पुढे ठेवली आणि म्हणाला, "मंगेश, घराक जा. थंय एक माणूस एकटाच रडता." मंगेश घरी गेला आणि त्या रात्री नवरा-बायको पहिल्यांदा एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. पुन्हा ग्लासाला हात लावावासा वाटला नाही, असं तो म्हणाला.

पण मथुराच्या रागाने पुन्हा डोकं वर काढलं. हे सांगायला स्मशानात का नाही आलात, असं तिने विचारलं. मंगेश म्हणाला, माझ्या तोंडाने गाव देवाशी बोलतो, बारवाल्याच्या मयताला पुढे दिसलो तर लोक काय म्हणतील?

"तुमचा रडणा माका नको," मथुरा म्हणाली. "एकदा चार माणसांत तेंचा नाव घेवा. मगे माझ्या दारात येवा."

तो उठून गेला. तिने दार लावून घेतलं आणि पुन्हा कोणासाठी उघडलं नाही.

मार्गशीर्षात गावपळणीचा कौल झाला. जायचं तिच्या मनात नव्हतं, पण गावात मागे राहायची सोय नसते. गनीने रिक्षा आणून तिची भांडीकुंडी भरली, दोन कोंबड्या स्वतःच्या मांडीवर घेतल्या आणि तिला वेशीवर आणून सोडलं. तिथे सगळा गाव जमला होता. पुढे बाप्ये, मागे बायका, त्यांच्यामागे बैलगाड्या, टेम्पो, शेळ्या. वेस ओलांडण्याआधी गाऱ्हाणं घालायची रीत. मथुरा गाठोडं घेऊन बायकांच्या अगदी कडेला उभी राहिली. तिच्याशी कोणी वाईट वागत नव्हतं. शिवाचं नाव तेवढं कोणी काढत नव्हतं.

मंगेश घाडी पुढे झाला. हात जोडून त्याने नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ह्यो सगळो गाव तुझ्या हुकमान भायर पडता. गुराढोरांक, पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"खंय चुकला-माकला आसात, तर पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

एवढ्यावर गाऱ्हाणं संपतं हे पोराटोरांनाही पाठ. काहींनी गाठोडी उचलली. पण मंगेशचे हात जोडलेलेच राहिले. त्याचा आवाज आता तेवढा खणखणीत नव्हता.

"आणि म्हाराजा, तिठ्यावरचो आमचो शिवा ह्या खेपेक आमच्यावांगडा नाय. माझो झील गेलो तेव्हा मी तेच्या बारात बसान रडलंय. तेनीच माका घराक धाडल्यान. तो गेलो तेव्हा आमी घरात लपान रवलाव. ती चूक पदरात घे, आणि शिवाच्या जिवाक शांती दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" कोणी म्हणेना. म्हणायचं म्हणजे आपणही त्या बारात बसायचो हे बायकापोरांदेखत कबूल करायचं होतं. बाप्ये पायाखालची माती बघत राहिले. मथुराने डोळे मिटून घेतले. आता हा माणूस एकटा पडणार, तिला वाटलं, आणि त्याच्याबरोबर शिवासुद्धा पुन्हा एकटा पडणार.

तेवढ्यात बायकांतून एक आवाज आला. "व्हय म्हाराजा." मंगेशची बायको होती ती. तोंडावर पदर घेऊन, पण स्पष्ट बोलली. मग तो कारकून म्हणाला, मग आणखी दोघे, आणि मग सगळ्या बाप्यांनी एकदम साद दिली. एरवी देवासाठी ओरडतात त्याहून मोठ्याने ओरडले. बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. काहींना आजच कळलं, बऱ्याच जणींना आधीपासून ठाऊक होतं.

मथुराला हवं होतं ते मिळालं. हे एकदा कानावर पडलं की आपल्याला बरं वाटेल, अशी तिची खात्री होती. बरं वाटलं नाही. इतके महिने ती त्या रागाला धरून उभी होती. आता गावावर रागवायला काही उरलं नाही, आणि शिवा नाही एवढंच उरलं. तिला मागे वळून त्याला म्हणावंसं वाटलं, ऐकलात ना, सगळे तुमचेच आहेत. मागे गनी दोन कोंबड्या घेऊन उभा होता आणि त्याच्यामागे रिकामा गाव.

लोक वेस ओलांडू लागले. तिच्या हातातलं गाठोडं निसटलं. ती तिथेच मातीत बसली आणि सगळ्यांदेखत रडली.