डाव्या गालावरचा तीळ

काकांनी काचेच्या पेटीत डोकावून पाहिलं. "हा तेवढा उचल. बाकीचे राहू देत."

मी संग्रहालयात निवडणूक प्रचाराच्या वस्तू मांडत होते. आधी कापडी फुलं, मग मुलाम्याचे बिल्ले, मग पत्र्याचे: छापील कागद, वर पारदर्शक पापुद्रा, मागे टाचणी. पत्र्याचे बहुतेक काकांनीच यंत्रावर दाबून बनवलेले. काकांना नको होता तो बिल्ला याच मतदारसंघातल्या उमेदवाराचा. छापताना निगेटिव्ह उलटी लागली होती. उजव्या गालावरचा तीळ डावीकडे गेला, भांगही फिरला. लक्षात येईपर्यंत बिल्ले गावभर वाटले गेले होते. विरोधकांनी सभांमधून टर उडवली. माणूस थोडक्यात पडला आणि काकांनी पुन्हा त्याला तोंड दाखवलं नाही. आता तो हयात नव्हता.

"काका, तीळ कोण बघतंय?"

"मी बघतो ना! बिल्ला ठेवलास तर मी उद्घाटनाला येणार नाही."

तेवढ्यात त्या उमेदवाराच्या पत्नी आल्या. प्रदर्शनासाठी त्यांनी घरातला बिल्ला आणला होता. तोच. काका खांबाआड सरकू लागले, पण मी ओळख करून दिली.

"बिल्लेवाले म्हणजे तुम्हीच का?"

"हो. माझ्या चुकीमुळे साहेब पडले, वहिनी."

"तिळामुळे? अहो, ते भाषणांमुळे पडले! एकदा बोलायला लागले की लोक घरी जाऊन जेवून परत यायचे." त्यांनी बिल्ला तळहातावर ठेवला. "हा दाढीच्या आरशाच्या चौकटीत खोचलेला असायचा. म्हणायचे, बाकीच्या फोटोंत कोणीतरी भलताच दिसतो, हा तेवढा मी आहे."

आरशात साहेबांनी स्वतःला तसंच पाहिलं होतं, रोज, जन्मभर. काकांच्याही ते लक्षात आलं असावं.

"मला मात्र कधी आवडला नाही," त्या म्हणाल्या. "माझा नवरा असा नव्हताच दिसत."

काका एकदम हसले. मग डोळे पुसून त्यांनी बिल्ला उलटा केला. "टाचणी गंजलीय. दोन मिनिटांत बदलून देतो, वहिनी."

"काका, हात लावायचा नाही. आता ती टाचणीही संग्रहालयाची आहे."

"बरं बाई." त्यांनी तो माझ्या हातमोज्यातल्या हातावर ठेवला. "पण पुढच्या रांगेत लाव. आणि चिठ्ठीवर लिही, निगेटिव्ह उलटी लावली होती. कोणी लावली, तेही लिही."