तिवड्याजवळचा बैल

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना खांब आहे. मला तिवडा म्हणतात. खळ्याच्या मधोमध मला रोवतात आणि माझ्याभोवती बैल फिरवून कणसे मळतात. एवढीच माझी ओळख. नांगराने जमीन उलटली, मोटेने विहिरीचे पाणी वर आणले, जात्याने घरोघर पीठ दिले. अशा थोर मंडळींनी आपली कहाणी सांगावी हे शोभते. मी सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. अजूनही खात्री नाही. पण यंदाच्या फाल्गुनात मी जे पाहिले ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म म्हसवडच्या अलीकडे एका ओढ्याकाठी झाला. माणदेशातली बाभूळ सावकाश वाढते. पावसाने दडी मारली की तीही थांबते, पाऊस आला की पुन्हा थोडी वाढते. त्यामुळे तिचा गाभा तांबडा आणि घट्ट होतो. मला तोडले ते आमचे आताचे मालक नाथाजी यांच्या आजोबांनी. कीड लागू नये म्हणून त्यांनी मला एक पावसाळाभर डोहाच्या चिखलात पुरून ठेवले. तिथल्या अंधारात मला वाटले, संपले आपले. पण पुढे मला बाहेर काढले, सोलले, तासले आणि शेताच्या उंचवट्यावर उभे केले. बायकांनी भोवतालची जमीन पाणी मारून चोपली, शेणाने सारवली आणि माझ्या पायाशी हळदकुंकू वाहिले. मी संकोचून गेलो. मी अजून काहीच केले नव्हते.

मग शाळूची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, कणसे आली. गुडघाभर थर पसरला. माझ्या कमरेला दोराचे सैल कडे घातले आणि त्या दोरात बैल एका ओळीत जोडले. या ओळीला पात म्हणतात. पात फिरू लागली आणि खुरांखाली कणसे कुरकुरू लागली. संध्याकाळी वारा सुटल्यावर कुणीतरी तिपाईवर उभे राहून सुपातून ते सारे हळूहळू खाली सोडू लागले. भुसा वाऱ्यावर दूर गेला आणि दाणे सरळ खाली पडले. ज्या माळावर घागरभर पाण्यासाठी बायका कोस कोस चालत, त्याच माळाने एवढी पांढरी रास कुठून दिली, याचे मला नवल वाटले. पुढे किती सुग्या पाहिल्या, पण ते नवल काही कमी झाले नाही.

काही काळाने मळणीयंत्र आले. ट्रॅक्टरमागून यायचे, धुरळा उडवायचे आणि भाकरी खाऊन होईपर्यंत सगळे काम उरकून पुढच्या शेतात जायचे. त्याचा मी राग धरला नाही. त्याने माणसांचे आणि बैलांचे किती कष्ट वाचवले. फक्त खळे नांगरले गेले आणि मी रिकामा झालो. आधी मला शेळ्या बांधल्या, मग कपड्यांची तार बांधली, मग गोठ्यामागे आडवे टाकले. आडवे पडल्यावर तिवड्यात आणि सरपणात फारसा फरक राहत नाही. चुलीकडे नेणारे हात जवळ आले की मी शांत राहायचा प्रयत्न करी. तो नेहमी जमत नसे.

नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन परत आले ते याच सुमारास. गावोगाव अडगळीत पडलेल्या वस्तू त्यांनी गोळा केल्या आणि आपल्या पडीक माळावर मांडल्या. फाटकावर संग्रहालयाची पाटी लागली, पण लोक त्या जागेला जुने गाव म्हणू लागले. तिथे भिंती नाहीत, काचा नाहीत. कुंभाराचे चाक चिंचेखाली आहे, लोहाराचा भाता छपरात आहे, मोट खऱ्या विहिरीवर आहे. नाथाजींनी मलाही एका मोकळ्या जागी रोवले. पुन्हा उभे राहिल्यावर मला सगळ्यात आधी आभाळ दिसले.

मित्रांनो, त्या माळावर मी जे सोहळे पाहिले ते मला कधी स्वप्नातही दिसले नसते. बेंदराच्या सणाला बैलांच्या झुली, घुंगुरमाळा आणि शिंगांच्या पितळी शेंब्या यांचे प्रदर्शन भरते. सूर्य कलला की ते सारे पितळ एकदम पेटल्यासारखे दिसते. दसऱ्यानंतर गजी नाचाचे ढोल येतात. पांढऱ्या पायघोळ अंगरख्यातले धनगर रिंगण धरतात, आणि ढोलाचा घुमारा जमिनीतून माझ्या बुडाशी पोहोचतो. थंडीत खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणून दाखवतात, शेजारी आगटीवर हुरडा भाजतात. पाचगणीच्या शाळांतली मुले येतात, सांगली-साताऱ्याची कुटुंबे येतात. सगळे डोळे विस्फारून पाहतात आणि मी त्यांच्याकडे पाहतो.

माझ्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नसे. मोटेजवळ फोटो काढताना लोक आपली टोपी माझ्यावर अडकवून ठेवत. एकदा एका बाईंनी आपल्या मुलाला सांगितले की हा विजेचा जुना खांब असावा. मला वाईट वाटले नाही. असेलही, असे क्षणभर मलाच वाटले.

यंदा नाथाजींनी ठरवले की फाल्गुनात सुगीचे प्रदर्शन भरवायचे, आणि चित्रे लावून नव्हे तर खरे खळे करून. माझ्याभोवतीची जमीन चोपली गेली, सारवली गेली. माझ्या अंगावर काटा आला. लाकडाला काटा येत नाही म्हणा, पण बाभळीच्या लाकडाने असे म्हटले तर चालावे.

अडचण बैलांची होती. हल्ली आमच्याकडे शेतीकामाचे बैल शोधून सापडत नाहीत. आहेत ते शर्यतीचे. शेजारच्या वाडीतल्या साईराजने आपली जोडी देऊ केली. तेजा आणि वादळ अशी त्यांची नावे. पोरे त्या बैलांच्या गळ्यात पडून फोटो काढतात. पण ते सरळ पळायला शिकलेले, वळणाचे काम त्यांनी कधी केले नव्हते. खळ्यावर फिरलेला एकच बैल पंचक्रोशीत उरला होता, तो सुलाबाईंचा हरण्या.

सुलाबाई माळाखालच्या वस्तीवर एकट्या राहतात. मुलगा तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला आहे, महिनामहिना येत नाही. सुलाबाईंचे गुडघे धरलेले. म्हाताऱ्या बैलाला वैरण-पाणी करताना आई एकदा पडली, तेव्हा मुलाने निर्णय घेतला की हरण्याला दूरच्या पांजरपोळात सोडायचे. मुलाचे चुकले असे मला म्हणवत नाही. सुलाबाईंनी नाथाजींना गाठले आणि त्याला जुन्या गावात ठेवा म्हणून विनवले. जुन्या गावाचा कारभार बघणारे विश्वस्त तयार नव्हते. वस्तू ठेवता येतात, जनावराचे दुखणेखुपणे कोण बघणार, असे त्यांचे म्हणणे. शेवटी एवढे ठरले की त्या दिवशी हरण्याने खळ्यावर काम केले, तर दर वर्षी खळे करायचे आणि त्याला इथेच ठेवायचे. नाही जमले, तर संध्याकाळी टेम्पो त्याला घेऊन जाईल.

हे बोलणे माझ्या शेजारीच झाले. त्या वेळी साईराजही होता.

"आजी, काळजी करू नगा," तो म्हणाला. "माझी बैलं लय पळत्यात. म्हातारबाला नुसतं शेजारी हुबा करा."

"तुझी पळत्यात रं," सुलाबाई म्हणाल्या. "पर सरळ पळून खळ्यावर कुठं जाणार? तासगावाला?"

तो दिवस उजाडला. माळ माणसांनी भरून गेला. मुले तर अगदी खळ्याच्या कडेपर्यंत येऊन बसली. ते पाहून नाथाजींनी एक शहाणपणाचा विचार केला. मुलांच्या बाजूला गरीब बैल हवा, म्हणून त्यांनी हरण्याला ओळीत सगळ्यात बाहेर जोडले आणि शर्यतीचे दोन्ही बैल आत, माझ्या बाजूला घेतले. मला काहीतरी खटकले. पण सुभेदारांना कळत नाही आणि मला कळते, असे मी कसे म्हणू? आणि म्हटले असते तरी ऐकले कुणी असते?

पात सुटली. आतले बैल उसळून निघाले. मित्रांनो, वर्तुळात बाहेरच्याला सगळ्यात लांब चालावे लागते. हरण्या पाय उचलून धावला, आणखी धावला, आणि ओढला जाऊन गुडघ्यावर कोसळला. मुले किंचाळली. साईराजने झटकन कासरा आवळला.

हरण्या कसाबसा उठला. त्याच्या गुडघ्याला खरचटले होते. त्या दिवसापुरता तासगावहून आलेला सुलाबाईंचा मुलगा गर्दीतून पुढे आला. त्याने दोर सोडला, हरण्याचे दावे हातात घेतले आणि कुणाकडे न बघता फाटकाकडे वळला. तिथे टेम्पो उभा होता. सुलाबाई पदराचे टोक तोंडाशी धरून बघत राहिल्या.

हरण्या चार पावले गेला आणि थांबला. मग तो वळला. कणसांच्या थरातून खाली मान घालून, मुलाला मागे ओढत, तो सरळ माझ्याकडे आला. माझ्या उजव्या अंगाला चिकटून, तोंड फिरण्याच्या दिशेला करून तो उभा राहिला. मुलाने दावे खेचले. तो हलेना.

"वडू नगंस त्याला," सुलाबाई म्हणाल्या. "त्यो त्येच्या जाग्यावर हुबा हाय."

मला सगळे आठवले. पातीत सगळ्यात म्हातारा, सगळ्यात हळू चालणारा बैल नेहमी तिवड्याजवळ असतो. त्याला सगळ्यात कमी चालावे लागते आणि बाकीचे त्याच्या चालीने फिरतात. ही गोष्ट माझ्या अंगाला घासून इतकी वर्षे घडली आणि मी ती विसरलो होतो. हरण्या विसरला नव्हता.

नाथाजी कपाळाला हात लावून म्हणाले, "चुकलं माझं, वयनी. पोरांच्या अंगाला गरीब बैल असावा म्हणून मी ह्याला कडंला घातला."

"फौजंत म्हाताऱ्याला कडंला लावत असतील, सुभेदार," सुलाबाई म्हणाल्या. "खळ्यावर मधी घेत्यात."

मुलांना लांब बसवले. हरण्या आत, तेजा आणि वादळ बाहेर, आणि त्यांच्या बाजूने साईराज स्वतः कासरा धरून. पात पुन्हा सुटली. त्या दोघांनी असा हिसडा दिला की सगळा भार माझ्या कमरेवर आला. माझ्या जुन्या चिरेतून कट्‌ असा आवाज झाला. मी मनात म्हटले, आज मोडलो तर हरण्या गेला. बुडाशी मातीला जितके धरता येईल तितके धरले.

हरण्या मात्र घाईत नव्हता. तो आपले एकेक पाऊल टाकत होता. बाहेरचे दोघे ओढत, मग दोर त्यांना मागे घेई. ते पुन्हा ओढत, पुन्हा मागे येत. काही फेऱ्यांनंतर त्यांचे कान सैल पडले. आणखी काही फेऱ्यांनंतर वादळने मान खाली घातली. ज्यांच्या पळण्याचे व्हिडिओ लाखो लोक बघतात, ते बैल एका म्हाताऱ्याच्या पावलाने चालू लागले. ध्वनिक्षेपकावर बोलणारा गप्प झाला. एवढा मोठा माळ, एवढी माणसे, आणि आवाज फक्त खुरांखालच्या कणसांचा. आभाळ मोठे आहे हे मला ठाऊक होते. पण त्याच्याखाली इतकी शांतता मावते हे मी पहिल्यांदाच अनुभवले.

उन्हे कलल्यावर वारा सुटला आणि रास पडली. माप घालण्याआधी सगळ्यांना चपला काढायला सांगितले. आमच्याकडे राशीचे पहिले माप एक म्हणून मोजत नाहीत, लाभ म्हणतात. तो मान नाथाजींनी सुलाबाईंना दिला. दुखरे गुडघे टेकून त्या बसल्या, माप भरले आणि म्हणाल्या, "लाभ." बूट हातात धरून उभी असलेली पाचगणीची मुलेही हळूच म्हणाली, लाभ. मला वाटले, मी इतके दिवस टिकलो ते बहुधा एवढे ऐकण्यासाठी.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सुलाबाईंचा मुलगा हरण्याच्या गुडघ्यावर हळद दाबत बसला होता. तो उठला नाही. विश्वस्तांकडे बघून म्हणाला, "वैरण मी धाडीन. पर रोज बघणार कोण?"

"मी हाय की," साईराज म्हणाला. "माझी बैलंबी हितंच बांधीन म्हंतो. पळाया त्येस्नी येतंय, चालाया शिकू द्या."

विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिले आणि माना डोलावल्या. टेम्पो आला तसा रिकामा कशाला पाठवायचा म्हणून त्यात शाळेची पोरे बसवली आणि त्यांना फाट्यावर थांबलेल्या त्यांच्या बसपर्यंत सोडले. सुलाबाई त्या दिवशी उशिरापर्यंत हरण्याच्या पाठीवर हात फिरवत बसल्या होत्या.

तर मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही, पण एक मागणे आहे. जुन्या वस्तूंना पाटी लावलीत तर उत्तमच. मात्र अधूनमधून त्यांना त्यांचे काम करू द्या, म्हणजे त्या अडगळ होत नाहीत. आणि तुमच्या घरी कुणी हळू चालत असेल, माणूस असो की जनावर, तर त्याला सांभाळायचे म्हणून कडेला ठेवू नका. त्याला मधे घ्या. तुम्हाला थोडे लांबून फिरावे लागेल, तेवढे फिरा.