एका झाडाची

उकंडा टेकाम दोन गोष्टींबद्दल कोणाचा ब्र ऐकून घेत नसे. एक त्याची एकुलती लेक गंगू, आणि दुसरं त्याचं मोहाचं झाड. झरीकडच्या जंगलातल्या त्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, प्रत्येक घराची मोहाची झाडं वाडवडिलांपासून ठरलेली. बाकीचे लोक चार-पाच झाडांची फुलं एकाच मडक्यात आंबवत. उकंडाचं मडकं मात्र एकाच झाडाचं. टेकडीच्या उतारावर, निव्वळ मुरमात उभं होतं ते. पाणी कमी, ऊन मोप, म्हणून फूल बारीक पण गच्च गोड. त्याची पहिल्या धारेची जिभेवर गुळासारखी उतरे, मग धुरकट होई, आणि गिळल्यावर घशात मिऱ्यासारखी चुरचुरे. सरकारनं दारूबंदी केली होती खरी, पण ती त्या झाडाला कोणी कळवली नव्हती.

"डोये बांधा माहे, तरी माह्यं झाड वळखीन!" असं तो येता-जाता म्हणे. लोक हसत, पण पानाचा द्रोण पुढे करत.

एकसष्टच्या उन्हाळ्यात गंगूचं जमलं. पोडाची रीत अशी, की मुलीच्या बापानं स्वतःच्या झाडाची पाजायची आणि मुलाकडच्या जाणत्या बाईनं चाखून 'गोड आहे' म्हणायचं. परक्या झाडाची निघाली तर बापाचा शब्दही परका. त्यावरून ठरलेली लग्नं मोडली होती.

मुलाकडून आली त्याची आत्या, भुरीबाई. तिचा जन्म याच पोडावरचा. पटकीच्या साथीत तिचा बाप घर उचलून पैनगंगेपलीकडे गेला, तेव्हा ती परकरात होती. नाल्याकाठचं त्यांचं झाड तेवढं मागे राहिलं, बिनमालकाचं.

मांडवात सगळ्यांसमोर उकंडानं आधी स्वतः घोट घेतला, डोळे मिटले, मान डोलवली. "हे पाहा! माह्यं झाड बोलून राह्यलं!"

चुलीपाशी त्याची बायको मथुराबाई घामानं निथळत होती. फुलं गळायच्या दिवसांत उकंडा बांबू तोडायला दूर गेला होता, आणि तेव्हाच गारपिटीनं झाड झोडपलं. मडकं निम्मंच भरलं. उरलेलं तिनं नाल्याकाठच्या झाडाखालची फुलं वेचून भरलं. नवऱ्याला सांगावं, तर तो लग्नच पुढच्या वर्षावर ढकलणार. म्हणून ती गप्प बसली.

भुरीबाईनं घोट घेतला आणि जिभेवर घोळवला. "भाऊ, हे एका झाडाची नोहे."

"काय बोलून राह्यल्या, ईनबाई!" उकंडा ताडकन उठला. "मी माह्यं झाड वळखत नाही काय?"

"नाही वळखलं तुमी," मथुराबाई कशीबशी म्हणाली आणि तिथंच सगळं सांगून मोकळी झाली.

उकंडा मटकन खाली बसला. चारचौघांत फजिती झाली याचं दुःख नव्हतं. दाराआडून बघणाऱ्या गंगूचा पडलेला चेहरा त्याला बघवेना.

भुरीबाईनं मात्र अख्खा द्रोण रिकामा केला. डोळ्यांतून धार लागली होती. "शेवटाले आंबूस लागते, अंबाडीसारखी. याच फुलाच्या भाकरी खाऊन वाढलो मी. परक्या झाडाची कायची? माह्या बापाची हाय. गोड हाय!"

मांडवात एकच कल्ला झाला. तिनं हात वर करून तो थांबवला. "अन् आयका. ते झाड मी आजपासून गंगूले देलं. दरसाल मोह गळला का तिनं इथं फुलं येचाले यायचं. आमी आडवणार नाही."

लेक नदीपल्याड जाणार म्हणून उकंडा महिनाभर आतल्या आत कुढत होता. कोणाला बोलला नव्हता. आता मात्र तो भर मांडवात ढसाढसा रडला.

पुढच्या फाल्गुनात फुलं गळायच्या कितीतरी आधीच तो खराटा घेऊन नाल्यावर गेला आणि त्या झाडाखालचा पाचोळा लख्ख झाडून आला. कोणीतरी चिडवलंच, "काहून गा उकंडा, यंदा एका झाडाची नाही काय?"

"ते राहू दे," उकंडा म्हणाला. "माही पोरगी येऊन राह्यली."