पिवळी रेघ

बेकरीवाल्याची गाडी शर्यतीच्या रांगेत तिसऱ्या जोडीत होती, आणि तिच्या मागच्या डाव्या चाकाजवळचा नट आपण तपासला की नाही, हे आटेकाकांना काही केल्या आठवत नव्हतं.

पुढचा उजवा आठवत होता. त्याचं ग्रीस अजून अंगठ्यावर होतं. मागचा उजवाही आठवत होता. मागच्या डाव्यापाशी मात्र सगळं कोरं. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि ते लेकीकडे वळले.

“बेकरीवाल्याचा कागद दे बघू.”

लेकीने फाईलमधून कागद काढला. सस्पेन्शनचे अकरा नियम, अकरा बरोबरच्या खुणा. “आहे की सगळं. का हो?”

“मागचा डावा पाहिला का मी?”

“खूण आहे ना बाबा.”

“खुणेचं नको सांगूस. मी गाडीखालून ओरडतो म्हणून तू खूण करतेस. ओरडलो होतो का मी?”

लेकीने कागद परत फाईलमध्ये लावला. “ओरडला होतात,” ती म्हणाली. पण तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं, हे काकांच्या नजरेतून सुटलं नाही.

या शर्यती हौशी लोकांच्या. चारशे मीटरचा सरळ पट्टा, शेजारीशेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं. आठवडाभर दात उपटणारा डॉक्टर इथे रविवारी वेगाचा बादशहा होतो. बिचारे घरच्या अंगणात गाडी खोलून बसतात आणि प्रत्येकाला वाटतं, मागचं सस्पेन्शन आपल्याइतकं कुणालाच कळत नाही. कुणी स्प्रिंग कापून आणतो, कुणी तिला वेल्डिंग करतो, कुणी वजन वाचावं म्हणून शॉकअपच काढून टाकतो. शर्यतीआधी गाड्या तपासायचं काम काकांचं; अशांना ते अर्ध्या वाक्यात घरी पाठवत. एकतीस वर्षं त्यांनी बस डेपोत फिटर म्हणून काढली होती. दंड थोपटून आलेल्या माणसाला थंड कसं करायचं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

त्यांचा जीव मात्र आट्यांत. नटाच्या बाहेर बोल्टचे दोन आटे दिसलेच पाहिजेत आणि चाकाचा दांडा धरणाऱ्या सांध्यावर मोठा वायसर, म्हणजे लोखंडी चकती, हवाच, सांधा फुटला तरी दांडा निसटू नये म्हणून. “दीड आटा दिसतोय काका, चालवून घ्या,” असं कुणी म्हटलं की ते विचारत, “तू दीड पायावर चालतोस का?” त्यावरूनच आटेकाका हे नाव पडलं. नट पाहून झाला की डबीत ब्रश बुडवून नटावरून बोल्टवर एक पिवळी रेघ ओढायची. नट फिरला तर रेघ तुटते. आणि तपासलं की नाही अशी शंका आली, तर तपासलं नाही असंच धरायचं. लेक हे लहानपणापासून ऐकत आली होती.

अठरा वर्षांपूर्वी त्यांनी एकाला दीड आट्यावर सोडलं होतं. गाडी भिंतीवर गेली. तो माणूस वाचला, गुडघा कायमचा ताठ झाला. दर हंगामात एकदा तो येतो आणि म्हणतो, “काका, तुमची काही चूक नव्हती हो.” त्या दिवशी काका घरी जेवत नाहीत.

पहिली जोडी सुटली. रांग पुढे सरकली.

“मी थांबवतो त्याला,” काका म्हणाले.

“बाबा, रांगेतली गाडी बाहेर काढली तर त्याची फेरी जाते. तीन वर्षांत पहिल्यांदा इथवर आलाय तो.”

“माहितीये मला.”

“नट नीट आहे. मी पाहिलाय.”

“तू? तू कशाला बघशील? गाडीखाली मी जातो.”

लेक फाईलची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. आपल्याला सांभाळून घ्यायला ही खोटं बोलतेय, असं वाटून काकांना तिचा राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

दुसरी जोडीही सुटली. बेकरीवाला रेषेपाशी आला. शेजारी दातांचा डॉक्टर. दोन्ही इंजिनं अशी गरजली की टेबलावरचा कप थरथरायला लागला.

काका धावले. पासष्टाव्या वर्षी धावतात तसे, एक हात कमरेवर ठेवून. दिवेवाला ओरडला, “अहो काका, बाजूला व्हा! मरायचंय का?” ते बेकरीवाल्याच्या गाडीसमोर दोन्ही हात वर करून उभे राहिले. वरचा पिवळा दिवा लागला होता, तो विझवला गेला. डॉक्टरला एकट्याला सोडलं आणि बेकरीवाल्याची फेरी गेली.

गाडी कडेला ढकलली, जॅकवर चढवली. बेकरीवाल्याने हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “काय आहे काका? सैल आहे का काही? माझी पोरं बसलीत हो तिकडे.”

काका पाठीवर झोपून आत सरकले. टॉर्च मागच्या डाव्या चाकाकडे वळवला.

नट घट्ट होता. बाहेर तीन आटे. वायसर जागेवर. नटावर पिवळी रेघ होती, शेवटी जराशी उजवीकडे वळलेली, त्यांच्याच हाताची. आणि तिच्या शेजारी आणखी एक. तीही उजवीकडे वळलेली. नट नवाकोरा होता, बेकरीवाल्याने आज सकाळीच बसवलेला. म्हणजे दोन्ही रेघा आजच्या. दुसरीला बोट लावलं, तर रंग बोटावर आला.

दोनदा तपासला होता त्यांनी. दोन्ही वेळा विसरले होते.

काका तसेच पडून राहिले. खिशात पाना होता. अर्धा फेरा उलटा, अर्धा सुलटा, आणि बाहेर येऊन म्हणायचं, “सैल होता, वाचलास.” बेकरीवाला पाया पडला असता. लोकांनी खांद्यावर घेतलं असतं. बाहेर त्यांना चारपाच जोडी बूट दिसत होते, त्यांत लेकीचे धुळीने माखलेले कॅनव्हासचे बूट अगदी जवळ होते.

पाना खिशातच ठेवून ते बाहेर आले.

“घट्ट आहे,” ते म्हणाले. “सगळं नीट आहे. चूक माझी झाली. मला आठवत नव्हतं.”

“आठवत नव्हतं?” बेकरीवाल्याने विचारलं. “तीन वर्षं, काका. आणि तुम्हाला आठवत नव्हतं?”

काकांनी मान हलवली. बेकरीवाल्याने जॅक उतरवला आणि कुणाची मदत न घेता गाडी ढकलत निघाला. दोन लहान मुली कठड्याखालून पळत येऊन त्याच्या मागे लागल्या, त्यांनाही त्याने हात लावू दिला नाही.

टेबलापाशी आल्यावर काकांनी विचारलं, “तू खरंच पाहिला होतास?”

“हो.”

“माझ्यामागून जातेस तू. प्रत्येक गाडीखाली.”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “प्रत्येक नाही. जमेल तेवढ्या.”

“कधीपासून?”

“मागच्या हंगामापासून.”

दुपारच्या तपासणीसाठी तेरा गाड्या उभ्या होत्या. पहिल्या गाडीची मालकीण, शाळेतल्या मुख्याध्यापिका, घड्याळाकडे बघत होत्या. काकांनी खिशातून ब्रश काढला, डबी काढली, पाना काढला. एकेक वस्तू टेबलावर ठेवली आणि लेकीच्या हातातली फाईल आपल्याकडे घेतली.

“झाकण घट्ट लावत जा. रंग वाळतो.”

“बाबा...”

“जा. बाई खोळंबल्यात.”

ती गाडीखाली शिरली. काकांनी चष्मा लावला, पेन उघडलं. बराच वेळ नुसता पान्याचा आवाज येत होता. मग आतून ती ओरडली, “मागचा डावा! तीन आटे, वायसर आहे!”

काकांनी खूण केली. पुढे दांडे झाले, शॉकअप झाले, स्प्रिंग झाल्या.

“बाबा, मागच्या डाव्याची खूण केली ना?”

काका उत्तर द्यायला गेले आणि थांबले. चष्मा नीट करून त्यांनी कागदावरून बोट खाली फिरवत नेलं.

“केलीये,” ते म्हणाले.